कुंड्या काढू नका, ताटल्या काढा

पहिले दोन-चार पाऊस झाले, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, बाल्कनीतल्या कुंड्या काढून टाकू का? डेंग्यूची भीती वाटते." कधी हा प्रश्न लहान मुलांच्या आईचा असतो, कधी एकट्या राहणाऱ्या आजोबांचा. काही सोसायट्यांत तर व्हॉट्सअॅपवर थेट फर्मानच निघते: आठ दिवसांत सर्व कुंड्या हटवा, नाहीतर दंड. मग वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे खाली कचऱ्याच्या डब्याशेजारी येऊन पडतात. डास मात्र जिथे होते तिथेच राहतात.

डेंग्यूची भीती खोटी नाही. मी दर पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण पाहतो, त्यातल्या काहींना ॲडमिट करावे लागते. तरीही माझे मत स्पष्ट आहे. चार फूट बाय दहा फुटांच्या बाल्कनीत दाट, हिरवीगार बाग असावी, तिच्यात फुलपाखरे, मधमाश्या, छोटे पक्षी यावेत, आणि तरीही घरात कोणाला डेंग्यू होऊ नये, हे सहज जमण्यासारखे आहे. त्यासाठी डास नेमका कुठे जन्मतो हे समजून घ्यायला हवे.

डास मातीत जन्मत नाही

डासाची अंडी, अळी आणि कोष या तिन्ही अवस्थांना पाणी लागते. ओली माती पुरत नाही, साचलेले पाणीच हवे. आपल्याकडे त्रास देणारे डास मुख्यतः तीन प्रकारचे. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास स्वच्छ, थोड्याशा साचलेल्या पाण्यात वाढतो. शहरी मलेरियाचा ॲनाफिलिस गच्चीवरच्या उघड्या टाक्या, विहिरी, बांधकामावरचे पाणी पसंत करतो. रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक गटारात आणि घाण पाण्यात वाढतो.

एडिसला बाटलीच्या झाकणाएवढे पाणीही चालते. कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलरची टाकी, गच्चीवर पडलेले टायर, नारळाची करवंटी, मनी प्लांट किंवा लकी बांबू ठेवलेली पाण्याची बाटली, ही त्याची आवडती ठिकाणे. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उबदार हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायला सांगतात, ते याच हिशोबाने. कोरडा दिवस ही सरकारी घोषणा वाटते, पण तिच्यामागे डासाचे वेळापत्रक आहे.

यातली एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. एडिसची मादी अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीवर चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी मिळाले की फुटतात. त्यामुळे ताटलीतले पाणी नुसते ओतून भागत नाही. काथ्याने किंवा ब्रशने ती घासायला हवी. सगळ्यात उत्तम म्हणजे पावसाळ्याचे चार महिने ताटल्याच काढून टाकणे. खालच्या मजल्यावर पाणी गळते म्हणून ताटली ठेवणे भाग असेल, तर ती काठापर्यंत जाड वाळूने भरा. वाळू पाणी शोषते, वर मोकळे पाणी दिसत नाही.

दाट पानांच्या सावलीत डास दिवसा विसाव्याला बसू शकतात, हे खरे आहे. पण एडिस इजिप्ती हा मुख्यतः घरातलाच डास आहे. पडद्यामागे, पलंगाखाली, लटकवलेल्या कपड्यांत तो जास्त सापडतो. शिवाय तो फार लांब उडत नाही, बहुधा जन्मला त्या जागेपासून शंभर-दोनशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे तुमच्या घरात एडिस असेल, तर त्याचे जन्मस्थान तुमच्याच इमारतीत किंवा शेजारी आहे. ते शोधायचे सोडून कुंड्या फेकणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

छोटी जागा, पण भरगच्च

बाग हिरवीगार दिसायला जागा मोठी लागत नाही, थर लागतात. जंगलात उंच झाड, त्याखाली झुडूप, त्याखाली जमिनीलगतची रोपे आणि या सगळ्यांवर वेल अशी रचना असते. तीच बाल्कनीत लहान प्रमाणात करता येते. कोपऱ्यात मोठ्या कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू. मध्ये जास्वंद, तगर, एक्झोरा, पेंटास. खाली पुदिना, ओवा, ब्राह्मी. ग्रिलवर गोकर्ण किंवा कृष्णकमळ. बाल्कनीत ऊन येत नसेल तर नेचे, अळू, स्नेक प्लांट आणि मनी प्लांट. सुटी-सुटी, ओळीने मांडलेली वीस रोपे जेवढी हिरवी दिसत नाहीत, तेवढी एकमेकांना खेटून ठेवलेली दहा दिसतात. खेटून ठेवलेल्या रोपांत ओलावाही टिकतो.

माती, गांडूळखत किंवा चांगले कुजलेले शेणखत, आणि कोकोपीट हे साधारण समान घ्या. कुंडीला भोक हवेच. मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटे थर दिला तर उन्हाळ्यातही पाणी कमी लागते. बोट मातीत घालून पाहा, आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. घरची बहुतेक रोपे पाण्यावाचून मरत नाहीत, जास्त पाण्याने मरतात. ताटलीत पाणी साचते तेही त्यामुळेच.

वजनाचा विचार मात्र करा. ओल्या मातीची बारा इंची कुंडी सहज पंधरा-वीस किलो भरते. ती कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर ठेवू नका. वरून कुंडी पडून खालच्याचे डोके फुटणे हीसुद्धा आरोग्याचीच समस्या आहे. आणि कंबर किंवा गुडघे दुखणाऱ्यांनी ती एकट्याने उचलू नये.

पाने खाल्ली गेली तर आनंद माना

फुलपाखरांसाठी लोक फुलझाडे आणतात. फुलपाखरू येते, मध पिते आणि जाते. ते राहायला यायचे असेल तर त्याच्या सुरवंटाला खायला हवे, आणि प्रत्येक जातीचे सुरवंट ठरावीक झाडांचीच पाने खातात. कढीपत्ता आणि लिंबू ही त्यासाठी उत्तम झाडे. त्यांच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसला, तर पुसू नका. तो बहुधा लहान सुरवंट असतो, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून त्याने घेतलेले सोंग. मोठा झाला की तो हिरवा होतो. ब्लू मॉर्मन, म्हणजे आपले राज्य फुलपाखरू, हेदेखील लिंबाच्या जातीच्या झाडांवरच अंडी घालते. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू जाहीर करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. ते पाहायला सह्याद्रीत जायलाच हवे असे नाही, झाडी असलेल्या शहरी वस्तीतही ते दिसते.

पानफुटीवर रेड पिएरो नावाचे छोटे, काळे-पांढरे-नारिंगी फुलपाखरू वाढते. त्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते. कृष्णकमळावर टॉनी कोस्टर येते. झाडाची पाने कुरतडली गेली म्हणजे रोग पडला असे नाही. निरोगी कढीपत्त्याला दोन-चार सुरवंट सहज झेपतात, पुन्हा पालवी फुटते.

तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, थोड्या राहू द्या. त्यांवर सातेरी आणि फुलोरी मधमाश्या येतात. फुलावर बसलेली मधमाशी छेडल्याशिवाय चावत नाही. इमारतीला आग्यामोहोळ लागले असेल तर गोष्ट वेगळी, ते काम जाणकारावर सोपवा. आणि पूर्वी माशी चावल्यावर ज्याचे अंग सुजले, श्वास लागला किंवा चक्कर आली, अशा माणसाने डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय मधमाश्यांना निमंत्रण देऊ नये.

जास्वंदीवर शिंजीर येतो. कधी तो फुलाच्या बुडाला भोक पाडून मध पितो. शिंपी पक्षी रुंद पाने शिवून त्यात घरटे करतो, अगदी कुंडीतल्या रोपावरही. घरटे दिसले तर साधारण महिनाभर त्या कोपऱ्याला हात लावू नका. तेवढ्यात अंडी उबवून पिल्ले उडून जातात. घरातल्या मुलांसाठी तो महिना कुठल्याही कार्टूनपेक्षा चांगला जातो.

कोळी आणि पाली यांना मी बागेतून हाकलत नाही. दोघेही डास, माश्या, झुरळे खातात. मात्र तेवढ्याने डेंग्यू टळेल अशी कोणी समजूत करून घेऊ नये. पाल शंभर डास खाईल, पण एक विसरलेली ताटली त्याहून जास्त तयार करील.

पक्ष्यांना पाणी ठेवायचे तर उथळ मातीच्या परळात ठेवा आणि रोज घासून बदला. कमळाचा टब हवाच असेल, तर त्यात गप्पी मासे सोडा, ते डासांच्या अळ्या खातात. पण हे मासे परदेशी आहेत, ते ओढ्यात किंवा तळ्यात नेऊन सोडू नका.

फवारणीने काय साधते?

इमारतीत धूर फवारणी झाली की लोकांना हायसे वाटते. साथीच्या वेळी तिचा उपयोग आहे, पण तो त्या क्षणी उडत असलेल्या डासांपुरता. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवड्याभरात नवे डास तयार होतात. मधल्या काळात फुलपाखरे, मधमाश्या आणि कोळी मात्र कमी झालेले असतात.

घरच्या कुंड्यांवर शेतीची कीटकनाशके मारणे मला अजिबात मान्य नाही. बंद बाल्कनीत, मागे स्वयंपाकघर, बाजूला वाळत घातलेले कपडे, आणि त्याच कुंडीतला कढीपत्ता संध्याकाळी फोडणीत. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे माणसाच्या मज्जासंस्थेवर काम करतात. कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवलेले असे औषध चुकून प्यायल्याच्या घटना घडतात, ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, फांदी छाटा, किंवा लिटरभर पाण्यात चमचाभर साबण घालून फवारा. कडुनिंबाचे तेलही चालते, पण ते लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेल्यास तान्ह्या मुलांना त्याने गंभीर विषबाधा होऊ शकते.

कबुतरांना मात्र नाही म्हणा

जीवसृष्टीचे स्वागत करा म्हणताना मी एक अपवाद ठेवतो, कबुतराचा. शहरात त्यांची संख्या वाढली ती आपण घातलेल्या दाण्यांमुळे आणि एसीच्या मागे मिळणाऱ्या जागेमुळे. त्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली, तर काहींच्या फुफ्फुसांना ॲलर्जीसारखी सूज येते. तिला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. दुर्लक्ष झाले तर फुफ्फुसे घट्ट होत जातात आणि ते नुकसान भरून येत नाही. भारतातल्या २७ केंद्रांतून एक हजारांहून अधिक फुफ्फुसरुग्णांची नोंद करणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फुफ्फुसांच्या या गटातल्या आजारांत न्यूमोनायटिसचा हा प्रकार सर्वांत जास्त, म्हणजे जवळपास निम्म्या रुग्णांत आढळला. पक्षी, ओलसर घरातली बुरशी आणि एअर कूलर या त्यामागच्या महत्त्वाच्या गोष्टी होत्या.

मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून केवढा वाद झाला, हे आपण पाहिले. श्रद्धेचा मान राखूनही डॉक्टर म्हणून मला सांगावे लागते, की बाल्कनीत दाणे घालू नका. शिंजीर, शिंपी, बुलबुल यांना दाणे लागतच नाहीत, त्यांना झाडे हवी असतात. विष्ठा साफ करताना आधी पाणी शिंपडा, मास्क लावा, कोरडी झाडू नका. दोन-तीन महिने कोरडा खोकला आणि जिना चढताना दम असेल आणि घरात कबुतरांचा वावर असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कोणी काय जपावे?

*मधुमेह असणाऱ्यांनी* मातीत काम करताना हातमोजे आणि पायांत बंद चप्पल किंवा बूट घालावेत. पायाला बधिरपणा असेल तर काटा रुतलेला कळतही नाही.

*धनुर्वाताचे* जंतू मातीत असतात. मोठ्या माणसांनीही दर दहा वर्षांनी टीडीचा डोस घ्यावा. बागकाम करणाऱ्या ज्येष्ठांपैकी फार थोड्यांना शेवटचा डोस कधी घेतला ते आठवते.

*दमा असणाऱ्यांनी* कोरडे कोकोपीट, जुनी माती किंवा कुजलेली पाने हलवताना मास्क लावावा, कारण त्यात बुरशीचे बीजाणू असतात. जास्वंद, गोकर्ण यांसारख्या कीटकांनी परागीभवन होणाऱ्या फुलांचे पराग जड आणि चिकट असतात, ते फारसे हवेत उडत नाहीत. त्रास जास्त होतो तो गवतांच्या आणि गाजरगवताच्या परागांचा.

*गरोदर स्त्रियांनी* मांजर कुंड्यांत शी करत असेल तर ती माती हाताळू नये. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा धोका असतो.

*लहान मुले* असलेल्या घरात कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा आणि डिफेनबाकिया नको. रुईवर सुंदर फुलपाखरे वाढतात, पण तिचा चीक डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते. गेलाच तर आधी भरपूर पाण्याने डोळा धुवा आणि मग डॉक्टरांकडे या.

ओल्या कचऱ्याचे खत करणाऱ्यांनी डबा झाकणाचाच ठेवावा. उघड्या खरकट्यावर उंदीर येतात, आणि उंदरांमागून लेप्टोस्पायरोसिसचा धोका.

मग फायदा काय?

खोटी आश्वासने मी देणार नाही. दोन-चार कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होते, हा समज जाहिरातींनी पसरवला. तो बंद, छोट्या चेंबरमधल्या प्रयोगांवर आधारलेला होता. २०१९ साली अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. खिडकी-दारातून हवा जेवढी बदलते, त्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील, असे त्यात निघाले. त्यामुळे खिडकी उघडा, ते जास्त उपयोगी. रात्री झाडे कार्बन डायऑक्साइड सोडतात म्हणून बेडरूममध्ये नकोत, हाही बाऊच आहे. शेजारी झोपलेला माणूस कुंडीपेक्षा कितीतरी जास्त सोडतो.

खरा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये एक छोटा पण गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, त्यांना समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. रुग्ण फक्त ४६ होते, म्हणून त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण रोजच्या अनुभवाशी तो जुळतो.

बायको गेल्यावर एकटे पडलेले एक गृहस्थ माझ्याकडे रक्तदाबासाठी येतात. सकाळी उठायचे कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. आज ते सहाला उठतात, कारण शिंजीर सहाच्या सुमारास येतो. पाणी घालायला वाकतात, उठतात, बादली उचलतात, पाने खुडतात. फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायामाचा कागद ते पंधरा दिवसांत विसरले असते. बागेने त्यांचा रक्तदाब बरा केला असे मी म्हणणार नाही, गोळी चालूच आहे. पण गोळी वेळेवर घेण्याइतके त्यांचे दिवसाकडे लक्ष परतले. अशा माणसाच्या कुंड्या उचलून नेण्यापूर्वी सोसायटीने दहा वेळा विचार करावा.

सोसायट्यांना विनंती

कुंड्यांवर बंदी घालणे सोपे असते, कारण त्या डोळ्यांना दिसतात. लिफ्टच्या खड्ड्यातले पाणी, गच्चीवरच्या टाकीचे तुटलेले झाकण, तुंबलेले पन्हाळ, पार्किंगमधले भंगार आणि शेजारचे अर्धवट बांधकाम दिसत नाही. त्यांची यादी आधी करा. मग दर रविवारी सकाळी दहा वाजता सगळ्यांनी एकाच वेळी अर्धा तास द्यावा:

१. कुंड्यांखालच्या ताटल्या काढा किंवा घासून कोरड्या करा.
२. फ्रिजचा ट्रे, कूलर, बाटल्यांतले मनी प्लांट यांचे पाणी ओता आणि भांडी घासा.
३. रिकाम्या कुंड्या, बादल्या पालथ्या ठेवा.
४. टाक्यांची झाकणे तपासा.
५. कुंडीत पाणी तुंबत असेल तर भोक मोकळे करा.

कोणाला ताप, डोळ्यांमागे दुखणे, अंगदुखी सुरू झाली, तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या, डॉक्टरांना दाखवा. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा फार ग्लानी वाटली, तर लगेच हॉस्पिटल गाठा. ताप उतरला म्हणजे संकट टळले असे डेंग्यूत नसते.

स्वच्छ घर म्हणजे जिथे एकही किडा-मुंगी नाही असे घर, ही समजूत आता सोडायला हवी. जे घर आठवड्यातून एकदा आपले पाणी तपासते, ते स्वच्छ. त्या घराच्या कढीपत्त्यावर चार सुरवंट असतील, तर ती शोभाच आहे.